परतीचे दोर आणि लिनोचा तुकडा

एक प्रश्न आहे. जे एकदा केल्यावर मोडता येत नाही, पुसता येत नाही, परत घेता येत नाही, असे काम करायला माणसाने शिकावे कुठे?

सणासुदीच्या स्मरणिकेत हा प्रश्न जरा जड वाटेल. पण मंडळी, तो आपल्या रोजच्या जगण्यातलाच आहे. आज परत फिरायची सोय जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आहे. संगणकावर काही चुकले की 'अनडू'. फोटो बरा आला नाही की लगेच दुसरा. दुकानातून आणलेला कोट घरी आल्यावर आवडला नाही, तर पावती दाखवून परत. फोनवर पाठवलेला निरोपसुद्धा आता मागे घेता येतो. या सोयी वाईट आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. आपण लहानपणी पाटी ओल्या फडक्याने पुसत होतो, तीही एक सोयच होती, आणि ती नसती तर अर्धी मुले शाळेला घाबरली असती.

पण ज्या गोष्टींनी आयुष्याला आकार येतो, त्यांना ही सोय नाही. भांडणात तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. भारतातून फोन येतो, "बाबांची तब्येत बरी नाही", आणि आपण त्या आठवड्यात जातो किंवा जात नाही. जे झाले ते झाले. देश सोडला, घर विकले, नोकरी नाकारली, मुलाला रागाच्या भरात काही बोललो. यातले काहीही पुसता येत नाही. म्हणजे सराव आपण सगळा पुसता येणाऱ्या गोष्टींचा करतो आणि परीक्षा मात्र न पुसता येणाऱ्या गोष्टींची होते. मग हा सराव करायचा कुठे?

माझे उत्तर अगदी लहान आहे, आणि ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मावते. ते म्हणजे लिनोकट. लिनोच्या तुकड्यावर चित्र कोरायचे, शाई लावायची आणि कागदावर ठसा उमटवायचा.

लिनो म्हणजे लिनोलियम, जुन्या इंग्लिश घरांत जमिनीवर अंथरलेले असे तेच. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने १८६३ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. नाव लॅटिन शब्दांवरून घडवलेले आहे, त्याचा अर्थ जवस आणि तेल. हो, आपल्या चटणीतले जवसच. जवसाचे तेल हवेने घट्ट होऊ द्यायचे, त्यात राळ आणि बुचाचा भुसा मिसळायचा आणि तो थर तागाच्या कापडावर दाबून बसवायचा. कोरण्याच्या दृष्टीने या पदार्थाचा एक मोठा गुण आहे. लाकडाला रेषा असतात, त्या रेषांच्या विरुद्ध गेले की हत्यार अडते. लिनोला तशी रेषा नसते. पाते कुठल्याही दिशेने सारखेच चालते.

म्हणूनच तो नवशिक्यांच्या आणि मुलांच्या हाती आला. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि पुढे त्या वर्गात मुलांना लिनो कोरायला दिला. मुलांना मोठ्यांची चित्रे गिरवायला लावू नयेत, त्यांना त्यांचे स्वतःचे करू द्यावे, अशी त्यांची धारणा होती. लंडनमध्ये १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लॉड फ्लाइट ग्रोव्हनर स्कूलमध्ये लिनोकट शिकवत. साहित्य इतके स्वस्त, तर चित्राची किंमतही सामान्य माणसाला परवडेल अशीच असावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे ही कला मुळातच तुमच्या-आमच्यासारख्यांची आहे. "मला चित्रकला येत नाही" ही सबब इथे फारशी चालत नाही.

सुरुवात कशी करायची ते सांगते. कुटुंबाने एकदा बाहेर जेवायला जावे, साधारण तेवढ्या खर्चात सामान येते. तळहाताएवढे लिनोचे दोन-तीन तुकडे, कोरण्यांचा एक संच, रबरी रोलर, शाईची एक काळी ट्यूब आणि थोडा पातळ, गुळगुळीत कागद. कोरण्यांत दोन प्रकार महत्त्वाचे. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची कोरणी बारीक रेघ काढते, यू आकाराची कोरणी मोठी जागा साफ करते. शिवाय एक छोटी फळी घ्यावी. तिची एक कड टेबलाला अडकते आणि दुसऱ्या कडेला लिनो टेकतो. त्यामुळे कोरताना तुकडा निसटत नाही.

पहिले चित्र पणतीचे करावे, असे मी सुचवते. आकार सोपा आणि अर्थ सगळ्यांना ठाऊक. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची. आपल्या मोदकाच्या साच्यात जे कोरलेले असते ते मोदकावर उठून दिसते. लिनोत मात्र कोरलेला भाग कोराच राहतो, कारण रोलरची शाई खोलात पोचत नाही. न कोरलेला भाग काळा उमटतो. तेव्हा पणतीची ज्योत आणि भोवतीचे चार किरण एवढेच कोरले, तरी अंधारात दिवा लागल्यासारखे चित्र तयार होते.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळे उलटे उमटते. उजवीकडचे डावीकडे जाते. पणतीला त्याने फरक पडत नाही, पण खाली 'शुभ दीपावली' लिहायचे असेल तर अक्षरे आरशात दिसतात तशी कोरावी लागतात. त्यासाठी पातळ ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीने लिहून कागद लिनोवर पालथा घालायचा आणि मागून घासायचा. १८०५ साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली, तेव्हा त्या कारागिरालाही श्लोकामागून श्लोक असेच उलटे कोरावे लागले असणार. आपल्याला फक्त दोन शब्द कोरायचे आहेत.

आता कोरणे. थंडीत लिनो कडक होतो. इथल्या हिवाळ्यात तो दहा मिनिटे कोमट रेडिएटरवर ठेवला की मऊ पडतो. पाते नेहमी स्वतःपासून दूर चालवायचे आणि मोकळा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवायचा, पुढे कधीही नाही. वळण घेताना कोरणी वळवायची नाही, लिनोचा तुकडा फिरवायचा. पाते धारदार ठेवायचे, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते सटकते. खोल जायची गरज नसते, तागाचे कापड दिसू लागले म्हणजे फारच खोल गेलो.

शेवटी छपाई. काचेवर किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकवर थोडीशी शाई घेऊन रोलर फिरवायचा. थर योग्य झाला की रोलरखालून बारीक चरचर ऐकू येते. मग लिनोवर शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने सगळीकडे सावकाश घासायचे. कागद एका कोपऱ्याने उचलायचा. तो पहिला ठसा बघताना लहान मूल काय आणि आजोबा काय, सगळ्यांचा चेहरा सारखाच होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लिनो कोरायला बसलेली दोन प्रकारची माणसे नेहमी दिसतात. पहिला माणूस पेन्सिलीनेच काम करत राहतो. ज्योत जरा उजवीकडे हवी, नको, डावीकडे. तास जातो, पण कोरणी हातात येत नाही, कारण एकदा पाते लागले की मागे फिरता येणार नाही. दुसरा माणूस पाच मिनिटांत कोरायला लागतो. काळे काय राहणार आणि पांढरे काय होणार याचा त्याने विचारच केलेला नसतो. पहिल्याला आपण विचारी म्हणतो आणि दुसऱ्याला धाडसी. पण नीट पाहिले तर दोघेही एकच गोष्ट टाळत असतात. निर्णयाचा तो जड क्षण दोघांनाही नको असतो. एक तो पुढे ढकलतो, दुसरा तो डोळे मिटून पार करतो.

कोरणी तिसरी रीत शिकवते. सगळा विचार पाते टेकण्याआधी करायचा. पेन्सिल हवी तितकी चालवा, हवे तितके पुसा. पण एकदा रेघ ठरली की ती एका दमात, न थांबता कोरायची. अर्ध्यावर हात कचरला की तिथेच रेघ फाटते.

या रीतीचे एक मोठे उदाहरण लिनोकटच्या इतिहासातच आहे. गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहून आपण काय करणार हे आधी कळवले. १२ मार्चला ते साबरमतीहून निघाले, सुमारे २४० मैल चालले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले. मीठ उचलल्यावर ते कृत्य परत घेता येणार नव्हते. सगळा विचार आधी झाला होता, तोही उघडपणे. त्याच वर्षी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी 'बापूजी' हे लिनोकट केले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काठी घेऊन चालणारे गांधीजी. त्या चित्रातली प्रत्येक पांढरी रेघ म्हणजे लिनोमधून कायमचा काढून टाकलेला भाग. मागे न फिरणाऱ्या माणसाचे चित्र, मागे न फिरता येणाऱ्या कामातून केलेले. इतक्या थोड्या रेषांत तो निश्चय दिसतो, याचे एक कारण मला यात वाटते.

इथे कोणी म्हणेल, "कुठे मिठाचा सत्याग्रह आणि कुठे टेबलावरची पणती! लिनोचा तुकडा बिघडला तर दुसरा घेता येतो, आयुष्याचे तसे आहे का?" आक्षेप अगदी योग्य आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही.

लिनो बिघडला तर काय होते ते बघू. कोरणी सटकली आणि ज्योतीतून एक ओरखडा बाहेर गेला. तो आता प्रत्येक ठशावर येणार. वीस कार्डे काढली तर वीस कार्डांवर. हल्ली पुष्कळदा ऐकू येते की चूक नसतेच, प्रत्येक चुकीतून काहीतरी सुंदरच होते. मला हे पटत नाही. कधी त्या ओरखड्याचा आणखी एक किरण करता येतो, आणि चित्र आधीपेक्षाही बरे दिसते. पण कधी तो ओरखडा सरळ श्री गणेशाच्या डोळ्यातून जातो, आणि त्याचे काहीही करता येत नाही. तेव्हा "हे बिघडले" असे म्हणून नवा तुकडा घ्यावा लागतो आणि चार तासांची मेहनत सोडून द्यावी लागते. चार तास गेल्याची हळहळ खरी असते. पण ती सोसता येते.

आणि या छंदाचे मोल नेमके त्या हळहळीत आहे. संगणकावरच्या चुकीची किंमत शून्य, म्हणून तिच्यापासून हात काही शिकत नाही. आयुष्यातल्या मोठ्या चुकीची किंमत इतकी मोठी की शिकेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. या दोहोंच्या मध्ये अशी एक जागा हवी, जिथे किंमत खरी असते पण परवडणारी असते. लिनो, विणकाम, मातीची भांडी, तव्यावरची पहिली पोळी, अशा हाताच्या कामांत ती जागा सापडते.

मात्र एक फरक विसरून चालणार नाही. लिनोचा तुकडा बदलता येतो, माणूस बदलून मिळत नाही. रागाने बोललेल्या शब्दाचा ठसा मुलाच्या मनावर उमटतो तो वीसच काय, दोनशे प्रतींत पुढे जातो. ठसा, छाप, संस्कार, हे शब्द आपल्या भाषेत मनासाठीही वापरतात ते उगीच नाही. तेव्हा लिनोकडून 'चुकले तरी चालते' असा धडा घ्यायचा नाही. कोरलेले राहते, म्हणून कुठे पाते लावायचे आणि कुठे लावायचे नाही हे आधी ठरवावे, हा तो धडा आहे.

यातून आपल्या घरातला एक अवघड प्रश्न निघतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात कोरणी द्यायची का? पाते लागेल ही भीती खरी आहे. त्यासाठी वर सांगितलेली फळी, पात्यामागचा हात आणि शेजारी बसलेले मोठे माणूस हवे. अगदी लहानांसाठी मऊ रबरासारखे तुकडे मिळतात, त्यांना जोर कमी लागतो. पण आपली दुसरी भीती जास्त घातक आहे, ती म्हणजे चित्र बिघडण्याची. मुलाची रेघ जरा वाकडी जायला लागली की आपला हात पुढे होतो. "आण इकडे, मी देते करून." प्रेमानेच म्हणतो आपण. शाळेचा प्रकल्प, स्पर्धेचे भाषण, विद्यापीठाचा अर्ज, सगळीकडे हेच वाक्य. कार्ड सुबक होते, पण मूल एक गोष्ट शिकते की कृती माझी असली तरी परिणाम सांभाळायला दुसरे कोणीतरी आहे. मग विसाव्या वर्षी ते स्वतःहून निर्णय घेत नाही म्हणून आपणच काळजी करतो. शेजारी बसून हात मांडीवर ठेवणे हे कोरण्यापेक्षा कठीण काम आहे. पण मुलाला स्वतःच्या कृतीचा मालक होऊ द्यायचे असेल तर ते करावे लागते.

आणि आपण मोठे? इथे थोडे स्पष्ट बोलते, राग नसावा. परदेशात आलेल्या आपल्यातल्या कितीतरी घरांत एक वाक्य वर्षानुवर्षे चालते, "अजून पाच वर्षे, मग परत जाऊ." म्हणून इथे बाग नीट लावायची नाही, आणि तिथला फ्लॅट बंद ठेवायचा. दोन्हीकडचे आयुष्य पेन्सिलीच्या रेघेतच. परत जाणे चांगले की राहणे चांगले हे प्रत्येक घराने आपले ठरवावे, बाहेरच्याने सांगू नये. माझे म्हणणे एवढेच की न ठरवणे हीसुद्धा एक कृतीच आहे. लोकमान्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, तेही शिसपेन्सिलीने. कर्म कोणालाच चुकत नाही, म्हणून ते विचाराने आणि कर्तव्यबुद्धीने करावे, हे त्या ग्रंथाचे सार मानले जाते. आपण कोरले नाही तर काळ कोरतो. मुले मोठी होतात, आईवडील थकतात, आणि एक दिवस लक्षात येते की चित्र तर पूर्ण झाले, फक्त त्यातली एकही रेघ आपण ठरवून ओढलेली नव्हती.

लिनोकटमध्ये एक पद्धत आहे. पिकासोने पंचाहत्तरी ओलांडल्यावर, १९५९ च्या सुमारास, ती फार रंगून जाऊन वापरली. एकाच तुकड्यातून अनेक रंग छापायचे. थोडे कोरून सगळ्या कागदांवर पिवळा रंग छापायचा. मग तोच तुकडा आणखी कोरून त्याच कागदांवर तांबडा. मग आणखी कोरून काळा. प्रत्येक पायरीला आधीची पायरी नष्ट होते. पिवळ्याच्या दहा प्रती काढल्या तर चित्रे जास्तीत जास्त दहाच, अकरावे कधीच नाही. ही पद्धत पाहिली की मला सिंहगडाची गोष्ट आठवते. १६७० साली तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या गोष्टीत शौर्य आहेच. पण दोर कापल्यावर मावळ्यांच्या मनातला प्रश्नच बदलला, हेही आहे. 'मागे जावे का' हा प्रश्न संपला आणि 'आता नीट कसे लढावे' हा एकच उरला.

प्रत्येक वेळी दोर कापावेतच असे नाही. काही दोर जपायचे असतात. नात्यांचे, भाषेचे, गावाचे. कुठला दोर जपायचा आणि कुठला कापायचा हे ओळखणे हाच विवेक, आणि तो पुस्तकापेक्षा हाताने लवकर समजतो.

ठसे वाळले की त्यांच्याखाली पेन्सिलीने आकडा घालायची रीत आहे. १/१०, २/१०, असा. याचा अर्थ एकूण दहाच काढले, अकरावा गुपचूप काढणार नाही. तो आकडा पाहणाऱ्याला दिलेला शब्द असतो. पणतीच्या साध्या कार्डावरसुद्धा तो घालून बघा. मुलांना फार आवडतो, आणि शब्द पाळण्याचा एक लहानसा सरावही होतो.

दिवाळीला अजून वेळ आहे. टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरा, मुलांना आणि आजी-आजोबांना बोलवा. ज्योत कुठे लावायची ते सगळ्यांनी मिळून पेन्सिलीने ठरवा, हवे तितके भांडा आणि हवे तितके पुसा. मग ज्याचे चित्र असेल त्याच्याच हातात कोरणी द्या, आणि बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवा.

सर्वांना सणाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!